आक्काचे शंभर ठोके

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, स्कूबा डायव्हिंगचं बेसिकचं कार्ड मिळालं, अब आगे कौन सा कोर्स करूँ?" आणि मागून तुझ्या भावाचा आवाज आला, "डीप, और क्या." मी म्हटलं, लिहून पाठवते. फोनवर मला नीट सांगता येत नाही. समोरचा माणूस मध्येच बोलला की माझ्या सांगण्याची शिवण उसवते. हे तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे. उरलेलं आजोबांनी आजवर सांगू दिलं नव्हतं. काल त्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "लिही. आता काय होते."

तुम्ही समुद्राच्या काठी वाढलात, म्हणून आधी हे सांगायला हवं की रायपूरहून समुद्र पाहायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. इथे पाणी म्हणजे तालाब. आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरापासून बुढा तालाब चालत जाण्याच्या अंतरावर. आजोबा तिथेच पोहायला शिकले, म्हणजे कुणी तरी ढकललं आणि ते वर आले. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. मला पोहणं आलं ते चाळिशीनंतर, शंकर नगरकडच्या एका क्लबाच्या पूलमध्ये, ऑफिसातल्या बायकांबरोबर. एक, दोन, तीन, डोकं वर, श्वास. आजोबा एकदा तिथे आले, काठावर उभे राहून खाली पाहिलं आणि म्हणाले, "हे काय पाणी आहे, खालची फरशी दिसून राहिली."

राज्य तेव्हा नवं होतं. माझं ऑफिस एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आलं होतं. जिथे खाटा होत्या तिथे आमची टेबलं. जुन्या राज्याचं नाव छापलेले कागद संपेपर्यंत आम्ही त्यावर रेघ मारून नवं नाव लिहीत असू. मी इंग्रजी मसुदे तपासायची. आजोबा रेल्वेतून निवृत्त होऊन घरी बसले होते आणि घरातल्या प्रत्येक घड्याळाची वेळ रोज मिळवून पाहत होते. तुमच्या आईला पहिली नोकरी लागली होती. तिने त्यांचे हे हाल पाहिले आणि आम्हा दोघांना अंदमानला पाठवलं.

तिथे किनाऱ्यावर एका झोपडीवजा जागी स्कूबा शिकवण्याची पाटी होती. आजोबांनी ती वाचली, आत गेले आणि बाहेर आले ते आम्हा दोघांची नावं घालूनच. डॉक्टरची चिठ्ठी लागली, ती मिळाली. शिकवणारी मुलगी कोचीनकडची, तुमच्या आईच्याच वयाची. हिंदी मोजकं बोलायची पण स्वच्छ. पुस्तक इंग्रजीत होतं. मी ते पहिल्याच दिवशी पेन्सिलने खुणा करत वाचून काढलं. आजोबांनी उघडलं नाही. "तू वाचलं ना, झालं," म्हणाले.

त्या पुस्तकातला पहिला नियम तुला आता पाठ असेल: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीत कोंडलेली हवा फुगते, आणि तिला वाट मिळाली नाही तर फुप्फुस फाटतं. मुलीने हे तीनदा सांगितलं. आजोबांनी तीनदा मान हलवली.

आता तालाबातला खेळ सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आजोबांच्या लहानपणी पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले पोट्टे बुडी मारून तळ गाठायचे आणि तळाचा चिखल मुठीत घेऊन वर यायचे. चिखल हा पुरावा. आणि जो सगळ्यात जास्त वेळ खाली राहील तो त्या दिवसाचा राजा. आजोबा शंभर मोजून होईपर्यंत खाली राहायचे. बाकी कुणी सत्तरच्या पुढे गेलं नव्हतं. हे आमच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला कळलं, आणि त्यानंतर नात्यातल्या प्रत्येक लग्नात मी ऐकलं.

शेवटच्या दिवशी आम्ही पाण्याखाली होतो. मुलगी पुढे, आम्ही दोघं मागे शेजारी-शेजारी. काही दाखवायचं असलं की ती पाठीवरच्या सिलिंडरवर लोखंडी कांडी ठोकायची. टण टण टण. याचा अर्थ, माझ्याकडे पाहा. पहिले दोन दिवसही तिने असं ठोकलं होतं, आणि मला काहीतरी खटकलं होतं. त्या दिवशी ते काय ते दिसलं. कांडी वाजली की आजोबांच्या तोंडातून निघणारे बुडबुडे थांबायचे.

तिने कासव दाखवायला ठोकलं. मोठं कासव होतं, शेवाळ खात होतं, त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी कासवाकडे पाहिलंच नाही. आजोबांचे बुडबुडे बंद झाले, भरल्या छातीनिशी ते माझ्या शेजारून हळूहळू वर निघाले, जसा पाण्यात सोडलेला रिकामा डबा निघतो. मी हात पुढे केला, माझ्या हाती फक्त त्यांच्या पायातल्या फिनची रबरी पात लागली आणि सुटली. मुलगी वळली, दोन हात मारून त्यांच्यापाशी पोचली, त्यांचं जाकीट धरलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बोटांनी खूण केली: सोडा, श्वास सोडा. मग एकदम बुडबुड्यांचा मोठा लोट निघाला.

बोटीवर आल्यावर तिने विचारलं, "अंकल, साँस क्यों रोकी?"

"कहाँ रोकी?"

"रोकी."

"बचपन की आदत है, बेटा," आजोबा हसून म्हणाले. ती हसली नाही. दुपारी त्यांना पुन्हा पाण्यात नेलं, सगळं परत करून घेतलं, तेव्हा तिने कांडी वाजवली नाही आणि ते व्यवस्थित पास झाले. कार्ड देताना ती मला म्हणाली, पुढे काही करणार असाल तर खोलात जाण्याआधी बॉयन्सीचा कोर्स करा. पाण्यात वर नाही, खाली नाही, एका जागी राहायला शिका. ज्याचा श्वास चालू आहे तोच एका जागी राहतो.

आजोबांनी यातलं "पुढे काही करणार असाल" एवढंच ऐकलं.

रायपूरला आल्यावर ते कार्ड पाकिटात रेल्वेच्या पासच्या पुढे गेलं. पानठेल्यापासून बँकेपर्यंत सगळ्यांनी ते पाहिलं. "भैया, उधर मछली पकड़ते हैं क्या?" असं एकाने विचारलं, तर आजोबा त्याला अर्धा तास सोडेनात. मी पुढच्या कोर्सांची माहिती ईमेलने मागवली आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत छापून घेतली. ऑफिसचा कागद घरच्या कामाला वापरायचा नाही, हे तुमच्या आईलाही मी शिकवलं आहे. रात्रीच्या अंधारात पोहण्याचा कोर्स होता, बुडालेल्या जहाजाचा होता, मासे ओळखण्याचा होता. माझं मन त्या माशांवर होतं. दुसऱ्याला वाचवण्याचा होता, पण त्याआधी आणखी एक करावा लागत होता. आणि डीप होता, म्हणजे बेसिकच्या अठरा मीटरच्याही खाली, तीस मीटरपर्यंत जाण्याचा.

"डीप," आजोबा म्हणाले.

"तिने बॉयन्सी सांगितलंय."

"मधे लटकायले कोर्स? तळ सोडून? अठरा मीटर म्हणजे तालाबच झाला."

"कांडी वाजली की तुमचे बुडबुडे थांबतात. मी पाहिलंय."

"पाण्यात चष्म्यातून सगळं मोठं दिसते. तुले भास झाला."

"भासाने माणूस वर जातो का?"

"तू मासे मोज. मी एकटा डीप करतो," ते म्हणाले आणि घड्याळ मिळवायला उठले.

तेव्हा मला जी भीती वाटली ती मी कुणाला सांगितली नाही. अठरा मीटरात तिने त्यांना धरलं होतं. तीस मीटरात कांडी वाजेल, बुडबुडे थांबतील, आणि कुणाचा हात एक क्षण उशिरा पोचला तर? रागवून, समजावून, मसुद्यासारखं मुद्दे मांडून, सगळं करून झालं. ज्या गोष्टीचा माणसाला आयुष्यभर अभिमान वाटला ती सोड, असं त्याला कसं सांगणार? तिकिटं काढायची वेळ जवळ आली. कोणता कोर्स ते आठवड्याभरात कळवायचं होतं.

त्या रविवारी आक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या. आक्का म्हणजे आजोबांची मोठी बहीण. त्यांचं घर आमच्याच आवारात, मागच्या बाजूला. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. यजमान गेल्यापासून त्यांचा दिवस आमच्याच अंगणात जायचा. आम्ही दोघी तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या शेंगा सोलत होतो. आजोबा पेरू आणायला गेले होते.

"काय वं, पुन्हा चालले म्हणे तुम्ही दोघं समुद्रात?"

"हो. यावेळी आणखी खोल जायचं म्हणतात."

"काहून? पहिल्या वेळी काही राहून गेलं का तिथं?"

मला हसू आलं, आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. कासव, कांडी, थांबलेले बुडबुडे. आक्का शेंगा सोलत ऐकत होत्या. कांडीपाशी त्यांचे हात थांबले.

"कसं ठोकते ती पोट्टी?"

मी नखाने ताटावर वाजवून दाखवलं.

"मंग तर तो दम धरनच," आक्का म्हणाल्या. "त्याले वाटत असन मीच ठोकून राहिली."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं. खाली गेलेल्या पोराला वरचं ओरडणं ऐकू जात नाही. म्हणून आक्का पायरीवर बसून, हात पाण्यात घालून, दगडावर दगड हाणायच्या. एक ठोका म्हणजे एक आकडा. तो खाली चांगला ऐकू येतो. ठोके चालू आहेत तोवर श्वास कोंडून राहायचं. शंभर झाले की जोरात दोन ठोके, मग वर. आजोबांचं सगळं लहानपण त्या आवाजात श्वास कोंडण्यात गेलं होतं. पाण्याखाली टण टण ऐकलं की छाती आपोआप कुलूप लावायची.

"आन एक सांगू का," आक्का म्हणाल्या, "कोणाले सांगशील नको. बाकीच्या पोट्ट्यांले मी सावकाश मोजो. हा खाली गेला का मले भेव लागे. चाळीस-पन्नास झाले का हात आपोआप पळे. लवकर शंभर झाले का लवकर वर येते, एवढंच माह्या ध्यानात."

"म्हणजे ते शंभर..."

"कायचे शंभर, बाई."

"आणि तुम्ही कधी सांगितलं नाही?"

"राजा झाला होता नं तो. कायले सांगू?"

तेवढ्यात फाटक वाजलं. आजोबा पेरू घेऊन आले. मी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना माझी भीती कळली. मी ती शब्दांत सांगितली नव्हती. त्या म्हणाल्या, "ये, बस. चहा घे."

आजोबा बसले, चहा घेतला आणि रिझर्वेशनबद्दल सांगू लागले. कोणत्या गाडीने कलकत्त्याला जायचं, तिथून विमान किती वाजता. आक्कांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि अंगणातल्या दगडी पायरीवर हळूच ठोकायला सुरुवात केली. टक. टक. टक.

आजोबांचं वाक्य मध्येच थांबलं. ओठ मिटले. खांदे वर गेले आणि तिथेच राहिले. आक्का ठोकत राहिल्या. मी पाहत राहिले. ते स्वतः कपाकडे पाहत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की त्यांनाही कळतंय.

"सोड रे," आक्का म्हणाल्या.

त्यांनी श्वास सोडला.  मग म्हणाले, "पुन्हा वाजव."

पुन्हा तेच. यावेळी त्यांनी ठरवून बोलत राहायचा प्रयत्न केला, तरी तिसऱ्या ठोक्याला आवाज बंद. तिसऱ्यांदा वाजवायला लावलं. मग कप खाली ठेवला.

"हे तर कुत्र्याले शिट्टी मारल्यासारखं झालं," ते म्हणाले.

"मी काय शिट्टी मारत होती का?" आक्का म्हणाल्या. "दगड हाणत होती. अन् तेबी तुह्यासाठी पळवून पळवून."

सांगून टाकलं त्यांनी. मला "कोणाले सांगशील नको" म्हणून घटकाही झाली नव्हती. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. उठले, नळावर हात धुतले, जे आधीच स्वच्छ होते, आणि परत येऊन बसले.

"किती असतील खरे?"

"कोणाले माहीत. साठ धर."

"अन् तो सत्तरवाला? जो दरवेळी हरे?"

"त्याले बराबर मोजलं मी."

तो सत्तरवाला म्हणजे त्यांचा शाळेतला मित्र. तो बीरगांवात एका कारखान्यात होता आणि तिथेच घर करून राहिला होता. दुपारी आजोबांनी स्कूटर काढली. मी विचारलं नाही कुठे. संध्याकाळी परत आले ते मोकळे दिसत होते, दाढेचं दुखणं उतरल्यावर माणूस दिसतो तसे.

"सांगून आलो त्याले."

"काय म्हणाले?"

"म्हणे, मले तेव्हाच माहीत होतं. तुही बहीण रडत रडत मोजे, मी पाहत होतो. म्हणून बोललो नाही." मग चपला काढता काढता, जसं काही रोजचंच काम आहे, तसे म्हणाले, "त्या पोरीले कळवून टाक. आधी ते लटकायचं करू."

मी त्याच संध्याकाळी सायबर कॅफेत गेले. ईमेल दोन ओळींचा होता, पण मी तो पाठवून तिथेच थोडा वेळ बसून राहिले. बऱ्याच दिवसांनी माझाच श्वास पूर्ण खाली गेला असं वाटलं.

पुढचे काही आठवडे आमच्या अंगणात रोज सकाळी एकच कार्यक्रम. आजोबा पेपर मोठ्याने वाचायचे आणि आक्का पायरीवर वरवंटा ठोकायच्या. ठोका पडला तरी वाचणं थांबवायचं नाही, हा नियम. सुरुवातीला प्रत्येक बातमी अर्धी तुटायची. "मुख्य रस्त्याचे रुंदी..." आणि गप्प. आक्का म्हणायच्या, "करण. रुंदीकरण. पुढं वाच." शेजारच्या दीदी कुंपणावरून विचारायच्या की रोज रोज कसली चटणी वाटता. आक्का म्हणायच्या, "हव, याचीच वाटून राहिली."

अंदमानला तीच मुलगी होती. मी तिला दगड, बहीण, ठोके, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग उद्यापासून कांडी जास्त वाजवू.

बॉयन्सीचा कोर्स दिसायला काहीच नसतो, हे मी तुला आधीच सांगते. कुणाला फोटो दाखवून सांगावं असं त्यात काही नाही. पाण्यात खाली जाता यावं म्हणून कमरेला शिसं बांधतात, ते नेमकं किती हवं ते ठरवायचं. मग पाण्याच्या मध्यावर मांडी घालून बसायचं, वर न जाता, खाली न जाता. श्वास घेतला की जरासं वर, सोडला की जरासं खाली, आणि त्यातच राहायचं. मला ते पहिल्या दिवशी जमलं नाही, मी तिरकी व्हायची. आजोबांना जमलं. रेल्वेत उभ्याने नोकरी केलेला माणूस, तोल चांगला.

ते माझ्यासमोर मांडी घालून बसले होते, खाली वाळू, वर उजेड. मुलगी त्यांच्या मागे गेली. मला दिसत होती, त्यांना नाही. तिने कांडी उचलली.

टण टण टण.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बुडबुडे निघाले. ती परत ठोकत राहिली आणि बुडबुडे निघत राहिले, ओळीने, एकामागून एक. आजोबा जरासे वर, जरासे खाली होत तिथेच राहिले. मला पाण्याखाली हसू आलं आणि माझ्या डोळ्यांवरच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी ते नाकाने फुंकून बाहेर काढलं.

डीपही आम्ही केला, पुढच्या हिवाळ्यात. दोघांनी मिळून. काही घडलं नाही. थंड होतं, सगळे रंग निळे पडले होते, आणि आजोबा वर आल्यावर म्हणाले, "तालाब बरा. चिखल तरी हाती ये." मग मी माझा माशांचा कोर्स केला. तो तुला मी नक्कीच सांगेन कर म्हणून. पण आधी आपल्या शिकवणाऱ्यांना विचार, की मी पाण्याखाली काय चुकीचं करते आणि मला ते कळत नाही. ते जे सांगतील त्याचा कोर्स पहिला. तुझ्या भावालाही हेच सांग. तो ऐकणार नाही, तेव्हा त्याला आजोबांना फोन करायला सांग.

बॉयन्सीच्या त्या दिवशी बोटीवरून उतरल्या-उतरल्या आजोबांनी धक्क्यावरच्या बूथवरून घरी फोन लावला. फोन आक्कांनीच उचलला. त्या आमच्या घरात फोनशेजारीच बसून असणार.

"आक्का, तिनं खूप ठोकलं. मी श्वास घेत होतो."

 मग आक्का म्हणाल्या, ते मला शेजारी उभं राहूनही ऐकू आलं, "बरं झालं बाप्पा. माहा हात दुखून राहिला होता."